पायी चालणाऱ्यांची पेठ

परभणीच्या बाजारात तुम्ही केव्हा ना केव्हा आला असालच. लग्नाचा बस्ता बांधायला आला असाल, नाहीतर मुलाला कॉलेजात घालायला. आणि परत जाताना गुजरी बाजारातून भाजी घेतली असेल. ‘गुजरी’ म्हणजे काय, हा विचार मात्र आपण सहसा करीत नाही. रस्त्याच्या कडेला, बहुधा दिवस कलल्यावर भरणारा किरकोळ बाजार, तो गुजरी. कोल्हापुरात याच नावाच्या पेठेत सराफ बसतात, ती गोष्ट वेगळी.

दुसरा शब्द मोंढा. धान्या-कापसाच्या मोठ्या बाजाराला आपण मराठवाड्यात मोंढा म्हणतो. पुण्याकडच्या माणसाला तो समजावून सांगावा लागतो. या दोन शब्दांत जुन्या गावाचा नकाशाच आहे म्हणा ना! मोंढ्यात बैलगाडी येणार, तिला वळायला जागा हवी, बैल सोडायला जागा हवी. पेठेत गाडीचे काय काम? तिथे घेणारा पायी येणार, ओट्याला टेकून भाव करणार, पिशवी भरून पायीच जाणार. म्हणून पेठेचा रस्ता अरुंद. त्यात गैरसोय नव्हती. आपल्याकडच्या वैशाखात समोरासमोरच्या घरांची सावली रस्त्यावर पडे, हा केवढा आधार! परभणीला नवा मोंढाही आहे आणि कच्छी बाजार, नानलपेठही आहे. दोहोंचे काम वेगळे आणि वाटही वेगळी.

पुढे काळ पालटला. निजामी राजवटीत १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग झाला. १९५६ साली परभणीस कृषी महाविद्यालय निघाले, १९७२ साली कृषी विद्यापीठ झाले. बाहेरगावची मुले शिकायला आली, गाव वाढले. वाढणारच. पण गाव चहूकडे पसरले, तरी पेठेचा रस्ता होता तेवढाच राहिला, आणि त्यात फटफटी शिरली, मागोमाग रिक्षा शिरली, मोटारही शिरली. माझी आई म्हणते, “आधी बाजारात जायची तव्हा दुकानं बघायची. आता गाड्याच बघत चालते.” तिच्या या बोलण्याला माझ्यासारख्या इतिहासाच्या मास्तराने काय जोड द्यावी?

हे दुखणे एकट्या परभणीचे नाही. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन हेही जुन्या विद्यापीठाचे गाव. तिथल्या स्ट्रॉयट नावाच्या पेठेत मोटारींची अशीच दाटी झाली होती. १९६२ च्या नोव्हेंबरात नगरपालिकेने प्रयोग म्हणून ती वाहनांना बंद केली. व्यापारी रागावले, गाडी नाही तर गिऱ्हाईक कुठले, हा त्यांचा सवाल. सवाल खोटा नव्हता, पोटाचा होता. पण गिऱ्हाईक पायी आले, रेंगाळले, चार दुकाने जास्त हिंडले. १९६४ साली बंदी कायमची झाली.

आता आपल्या पुण्याचे पाहा. लक्ष्मी रस्त्यावर गणपती विसर्जनाच्या दिवशी माणसांचा पूर लोटतो आणि त्या दिवशी गाडीचे नावही कोणी काढीत नाही. बाकी वर्षभर पायी माणूस गाड्यांच्या फटीतून वाट काढतो. २०२१ साली ११ डिसेंबरला पुणे महापालिकेने पादचारी दिन पाळला आणि नगरकर तालीम चौकापासून गरुड गणपती चौकापर्यंतचा लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद ठेवला. जवळच तुळशीबाग आहे. पेशवाईत नारो आप्पाजी खिरे यांनी तुळशीच्या बागेच्या जागी राममंदिर बांधविले, त्याच्या अंगणात आणि भोवती दुकाने वाढली. त्या बोळांतून बायाबापड्या आजही पायीच फिरतात. तिथे वेगळा पादचारी दिन पाळायची गरजच पडत नाही.

मात्र एक गोष्ट मला खटकते. रस्ता मोकळा करायचा म्हटले की पहिली उचलली जाते ती टोपलीवाली. गाडी नंतर. वास्तविक गुजरी तिचीच! २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने सांगितले आहे की आधी विक्रेत्यांची पाहणी करा, तोवर कोणाला हुसकावू नका. गुरुजींनी हा कायदा वर्गात जरूर सांगावा. मुलांपैकी कित्येकांच्या घरचीच माणसे बाजारात बसत असतील.

आणि तुम्ही पुढच्या खेपेला परभणीला याल, तेव्हा गाडी जरा लांब लावून पेठेत पायी शिरून पाहा. जुन्या दुकानाचा ओटा अजून कुठे शिल्लक असेल, तर त्याची उंची बघा. उभ्या माणसाला सहज टेकता येईल अशी ती ठेवलेली असे.