हाडांचीही पेढी असते



आपल्या नाशिकला लांबलांबची माणसे अस्थी घेऊन येतात. रामकुंडातल्या अस्थिविलय तीर्थात सोडलेल्या अस्थी विरघळून जातात, अशी श्रद्धा आहे. माणूस गेल्यावर शेवटपर्यंत उरते ते हाड, आणि तेही इथे गोदामाईच्या स्वाधीन करायचे. आजच्या बोलण्यात मी हाडांचाच इतिहास सांगणार आहे, पण जिवंत माणसाच्या कामी आलेल्या हाडांचा. एकाचे हाड दुसऱ्याच्या पायात किंवा पाठीच्या कण्यात बसवतात. त्यासाठी रक्तपेढीसारखी हाडांची पेढी लागते, आणि अशी पेढी आपल्या महाराष्ट्रात १९८८ पासून आहे.

देवांच्या शस्त्रासाठी आपली हाडे देणाऱ्या दधीची ऋषींची गोष्ट आपण कीर्तनात ऐकलेली आहे. ती पुराणातली. आता डॉक्टरांच्या दुनियेतली ऐका.

हाड जिवंत असते, हे आधी लक्षात घेऊ. मोडलेला हात हाडवैद्य बांबूच्या कामट्या लावून बांधायचे, आता प्लास्टर घालतात. पण जुळवण्याचे काम दोघांपैकी कोणीच करत नाही. हाड स्वतःच जुळते, आपण फक्त ते हलू देत नाही. अडचण येते ती मधला तुकडाच नाहीसा झाला तर. गाठ झाली म्हणून चार बोटे हाड कापून काढले, अपघातात चुरा झाला, पू होऊन सडले किंवा क्षयाने मणका पोखरला, तर दोन टोकांमधली खिंड शरीराला एकट्याने भरून काढता येत नाही. तिथे काहीतरी भरावे लागते.

काय भरायचे, याचे प्रयोग साडेतीनशे वर्षांपासून चालू आहेत. १६६८ सालच्या एका डच पुस्तकात याब फान मेकरेन या शल्यवैद्याने एक हकिगत लिहून ठेवली आहे. एका जखमी सैनिकाच्या कवटीत कुत्र्याचे हाड बसवले आणि जखम भरली. पण माणसाच्या डोक्यात जनावराचे हाड म्हणून चर्चने त्याला धर्माबाहेर काढले. तो हाड काढून घ्यायला परत आला, तर ते इतके घट्ट बसले होते की काढता येईना. दुसऱ्याचे हाड अंगात घ्यावे की नाही, ही शंका तेव्हापासूनची आहे.

पुढची गोष्ट स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातली, १८८० च्या सुमाराची. एका लहान मुलाच्या दंडाचे हाड पू होऊन गेले होते, हात नुसता लोंबत होता. विल्यम मॅक्युअन नावाचे डॉक्टर त्याच काळात मुडदुसाने पाय वाकलेल्या मुलांची ऑपरेशने करत. पाय सरळ करताना हाडाची पाचर कापून काढावी लागे, ती एरवी टाकूनच दिली जाई. मॅक्युअननी त्या पाचरींचे तुकडे या मुलाच्या दंडात बसवले. हाड तयार झाले आणि तो हात पुढे कित्येक वर्षे कामाला आला. एका मुलाच्या अंगातून काढून टाकायचे ते दुसऱ्या मुलाच्या उपयोगी पडले.

१९११ मध्ये न्यूयॉर्कला फ्रेड आल्बी यांनी कण्याच्या क्षयासाठी रुग्णाच्याच नडगीची पट्टी काढून ती पाठीच्या मणक्यांत बसवली. मणके एकमेकांना जुळून गेले की कणा वाकायचा थांबतो. तेव्हा क्षयावर औषध नव्हते. आज औषधे आहेत आणि कण्याचा क्षय बहुतेकांना गोळ्यांनीच बरा होतो. थोड्यांना मात्र अजून ऑपरेशन लागते, आणि मधली पोकळी भरायला हाड लागते.

स्वतःचे हाड सगळ्यात चांगले, कारण त्यात जिवंत पेशी असतात. डॉक्टर बहुतेक वेळा कमरेच्या हाडातून ते घेतात. पण तिथेही जखम होते, दुखते, आणि मोठा तुकडा मिळत नाही. लहान मुलाकडून तर फारच थोडे मिळते. म्हणून दुसऱ्याचे हाड साठवून ठेवण्याचा विचार आला. १९४२ मध्ये क्यूबातल्या अल्बेर्तो इंक्लान यांनी थंडीत ठेवलेले हाड वापरल्याचे लिहिले. १९४९ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने बेथेस्डा इथे पेढीच सुरू केली.

आता मुंबईला येऊ. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. १९६२ पासून ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. कर्करोगाचे रुग्णालय अणुऊर्जा खात्याकडे कशाला, असे वाटेल. हाडांच्या गोष्टीत त्याचा मोठा उपयोग झाला. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मदतीने १९८८ मध्ये टाटा रुग्णालयात ऊतीपेढी, म्हणजे टिश्यू बँक, सुरू झाली. डॉ. अ‍ॅस्ट्रिड लोबो गाजीवाला या बाईंनी ती उभी केली आणि कित्येक वर्षे सांभाळली.

तिथे हाड आले की आधी देणाऱ्याची चौकशी होते आणि रक्त तपासले जाते. एचआयव्ही, कावीळ, गरमी यांपैकी काही निघाले तर ते हाड घेत नाहीत. मग हाड धुऊन त्यातला मगज, रक्त आणि चरबी काढतात, कापून हवे तसे तुकडे करतात, गोठवून त्यातले पाणी काढून घेतात आणि पाकिटात बंद करतात. मगज आणि रक्त गेल्यामुळे रक्तगट जुळवायची गरज उरत नाही. प्रत्येक पाकिटावर क्रमांक असतो. हाड कोणाचे आले आणि कोणाला गेले, याची नोंद राहते. आपल्या बचत गटाच्या वहीत जमा आणि कर्ज लिहितो, तसेच हे.

एक काम उरते, ते म्हणजे पाकिटातले जंतू मारणे. उकळून भागत नाही, उकळल्याने हाड बिघडते. त्यासाठी ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्राचा आयसोमेड नावाचा प्रकल्प १९७४ पासून आहे. तिथे कोबाल्ट या धातूतून निघणारे गॅमा किरण बंद पाकिटातून आरपार जातात आणि आतले जंतू मरतात. ऑपरेशनचा कापूस, पट्ट्या आणि टाक्यांचे धागेही असेच निर्जंतुक होतात.

हे किरण आपल्या जिल्ह्याला परके नाहीत. लासलगावला भाभा केंद्राचा कृषक हा प्रकल्प २००२ पासून आहे. कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून त्याला तिथे हेच किरण देतात. २००७ मध्ये अमेरिकेला गेलेल्या हापूस आंब्यावरही तिथेच किरणांचा मारा झाला. कांद्याला किरण थोडे पुरतात, हाडाला त्याच्या शेकडो पट, साधारण २५ किलोग्रे, द्यावे लागतात. त्याहून फार वाढवले तर हाड ठिसूळ होते, म्हणून मोजूनच देतात. किरण दिलेला कांदा जसा किरणे बाहेर टाकत नाही, तसेच हे हाडही टाकत नाही.

हे हाड अंगात गेल्यावर काय होते? द्राक्षाचा वेल मांडवाच्या आधाराने पसरतो, तशा रुग्णाच्या पेशी त्या तुकड्यात शिरतात. फरक एवढाच की इथे वेल हळूहळू मांडवही खातो आणि त्याच्या जागी स्वतःचे हाड उभे करतो. याला महिने लागतात, मोठ्या तुकड्याला वर्षे, आणि मोठ्या तुकड्याचा काही भाग तसाच राहूनही जातो. तोवर जागा पक्की धरायला धातूची पट्टी, स्क्रू किंवा रॉड लागतो. कधी तुकडा जुळत नाही, कधी पू होतो आणि पुन्हा ऑपरेशन करावे लागते. हेही आधी माहीत असलेले बरे.

हाडाचा कर्करोग बऱ्याचदा चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना, गुडघ्याजवळ होतो. पूर्वी पाय कापण्यावाचून इलाज नसे. आता औषधांच्या जोडीने बऱ्याच जणांचा पाय वाचवता येतो. टाटा रुग्णालयात काही रुग्णांसाठी आणखी एक पद्धत वापरली आहे. गाठीसकट हाड बाहेर काढायचे, गाठ खरवडायची, त्या हाडाला किरण देऊन उरलेल्या पेशी मारायच्या आणि तेच हाड पुन्हा जागेवर पट्टी-स्क्रूने बसवायचे.

मैत्रिणींनो, या पेढीत जमा कोण करते? मोठा वाटा म्हाताऱ्या माणसांचा असतो. उतारवयात आपल्या बायकांची हाडे ठिसूळ होतात, ओल्या फरशीवर पाय घसरतो आणि खुबा मोडतो. सांधा बदलताना डॉक्टर मांडीच्या हाडाचा वरचा गोळा काढून टाकतात. पेढीशी जोडलेले रुग्णालय असेल, आजीने संमती दिली असेल आणि तपासण्या ठीक आल्या, तर त्या गोळ्याचे तुकडे दुसऱ्या कोणाच्या मणक्यात जातात. नाहीतर तो रुग्णालयाच्या पिवळ्या पिशवीतून जाळायला जातो.

दुसरी जमा बाळंतिणींची. वारेबरोबर एक पातळ पडदा पडतो. आपण वार पुरतो, दवाखान्यात ती टाकून देतात. टाटाच्या पेढीने असे पडदे प्रसूतिगृहांतून घेऊन, सुकवून, किरण देऊन भाजलेल्या आणि चिघळलेल्या जखमांवर लावायला दिले.

तिसरी जमा मृत्यूनंतरची. हृदय थांबल्यावर डोळे घेतात तशी हाडेही काही तासांच्या आत घेता येतात. घरच्यांची संमती लागते. हाडे काढल्यावर त्या जागी दांडी घालून, शिवून देहाला पूर्वीसारखा आकार देतात. अंत्यदर्शन होते, अग्नी देता येतो, रामकुंडावर न्यायला अस्थीही उरतात. ज्यांच्या मनाला पटत नाही त्यांनी नाही म्हणावे. पण नाही म्हणताना नेमके काय होते ते माहीत असावे, आणि ज्या बाईला हो म्हणायचे आहे तिने ते घरच्यांना आधीच सांगून ठेवावे. वेळ येईल तेव्हा सही घरच्यांना करायची असते.

अवयवांच्या विक्रीवर बंदी घालणारा कायदा १९९४ मध्ये झाला. २०११ च्या दुरुस्तीने हाड, त्वचा, डोळ्याची बुबुळे अशा ऊतीही त्यात आल्या आणि पेढीला नोंदणी सक्तीची झाली. दान करणाऱ्याला पैसे मिळत नाहीत आणि हाड विकता येत नाही. रुग्णाकडून घेतात तो धुणे, तपासणी आणि साठवण यांचा खर्च.

म्हणून उद्या तुमच्या घरी कोणाला डॉक्टर म्हणाले, "पोकळीत हाड भरावे लागेल", तर चार गोष्टी विचारा. हे हाड कोणाचे: आमच्याच माणसाचे, दुसऱ्या माणसाचे, जनावराचे की कारखान्यात बनवलेले? काही भरण बैलाच्या हाडापासून होते आणि दातांच्या कामातही ते वापरतात. ज्यांना ते चालत नाही त्यांना आधी कळायला हवे. माणसाचे असेल तर कोणत्या नोंदणीकृत पेढीतून आले? पाकिटावरचा क्रमांक आमच्या कागदावर लिहाल का? हाड जुळायला किती महिने लागतील आणि तोवर पायावर भार किती द्यायचा? तंबाखूने हाड जुळायला अडथळा येतो, म्हणून बिडी किंवा मशेरी असेल तर तेही लपवू नका.

गटाच्या पुढच्या बैठकीत हिशेब झाला की दहा मिनिटे या विषयाला द्या. गावात खुब्याचे ऑपरेशन झालेली एखादी आजी असेलच. तिच्या खुब्याचा जुना गोळा कुठे गेला, हे तिला कोणी सांगितले होते का, एवढे विचारून पाहा. बोलायला तिथूनच सुरुवात होईल.