जिवाणी कुठे सोडायची? जोधपूरच्या पाण्याच्या आठवणी



"आपण मूळचे मारवाडचे" हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकींनी लहानपणापासून ऐकलेलं असतं. मारवाडचे म्हणजे नेमके कुठले, असं विचारलं की ओसियाचं नाव निघतं. जोधपूरपासून साठ-पासष्ट किलोमीटरवरचं हे वाळवंटातलं गाव. तिथलं भगवान महावीरांचं मंदिर आठव्या शतकातलं आहे, आणि ओसवाल हे नाव याच गावावरून पडलं असं आपली परंपरा सांगते. पण ओसियाहून निघालेले आपले पूर्वज काही थेट नगर-पुण्याला आले नाहीत. कितीतरी पिढ्या जोधपूर, नागौर, पाली, मेडता या मुलखात गेल्या. माझ्या सासरची काही माणसं तर अजूनही जोधपूरलाच आहेत. त्यांना जुन्या शहराच्या आठवणी विचारल्या, की किल्ला आणि राजवाडे बाजूला राहतात आणि बोलणं पाण्यावर येतं. म्हणून आज जोधपूरचा इतिहास पाण्याच्या अंगाने सांगायचा आहे.

राव जोधांनी 1459 साली मंडोरची राजधानी सोडून चिडियाटूक नावाच्या टेकडीवर किल्ल्याचा पाया घातला. तोच आजचा मेहरानगड. त्या टेकडीवर चिडियानाथ नावाचे एक साधू राहत होते. किल्ल्यासाठी त्यांना जागा सोडावी लागली आणि जाताना त्यांनी "या गावाला पाण्याचा तोटा पडेल" असा शाप दिला, अशी गोष्ट आजही तिथे घरोघरी सांगतात. शाप असो वा नसो, वर्षाला साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या खडकाळ जागी शहर वसवायचं, तर पाण्याचा विचार आधी करावा लागणारच होता.

तो विचार करणाऱ्यांत बायकांची नावं किती आहेत, हे पाहून मला फार बरं वाटलं. किल्ल्याच्या पायथ्याचं राणीसर तळं राव जोधांच्या राणी जसमादे हाडी यांनी बांधवलं. महाराजा अभयसिंह यांच्या राणीने 1740 च्या दशकात तूरजीचा झालरा बांधवला. झालरा म्हणजे चारी बाजूंनी पायऱ्या उतरत जाणारी खोल विहीर. पाणी कितीही खाली गेलं तरी घागर बुडवता यावी, अशी त्याची रचना. गुलाबसागर हे मोठं तळं 1788 चं. ते महाराजा विजयसिंह यांच्या पासवान गुलाबराय यांनी बांधवलं, आणि महिलाबागेचा झालराही त्यांचाच. राजघराण्यातल्या बाईने लोकांसाठी पाणी बांधून द्यायचं, ही तिथली रीतच होती. युद्धात कोण जिंकलं ते भाटांनी गायलं. या राण्यांचं काम मात्र दोन-अडीचशे वर्षं रोज पहाटे घागरीत भरून घरोघर गेलं.

या पाण्याची वहीत नोंद ठेवणारा माणूस आपल्या समाजातला होता, हेही सांगायला हवं. मुहणोत नैणसी यांचा जन्म 1610 चा. ओसवाल घराण्यातले हे गृहस्थ महाराजा जसवंतसिंह यांचे दिवाण होते. 'मारवाड रा परगनां री विगत' या त्यांच्या ग्रंथात मारवाडच्या परगण्यांतली गावं, त्यांचा महसूल, पिकं, विहिरी आणि तळी यांचा हिशेब आहे. पुढे राजाची मर्जी फिरली, ते कैदेत पडले आणि 1670 साली औरंगाबादेहून जोधपूरला नेत असताना वाटेतच त्यांचा शेवट झाला. म्हणजे मारवाडच्या विहिरी मोजणाऱ्या माणसाची अखेरची वाट आपल्या मराठवाड्यातून गेली. वाळवंटात विहीर ही जमिनीइतकीच मोठी मिळकत असते, हे आपल्या हिशेबी पूर्वजांना पक्कं ठाऊक होतं.

आता घरातल्या आठवणींकडे येते. माझ्या सासूबाईंच्या भुआ आज चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. माहेर आणि सासर दोन्ही जुन्या परकोट्याच्या आत. त्यांच्या लहानपणी नळ आले होते, पण मोजके, गल्लीच्या तोंडाशी, आणि उन्हाळ्यात त्यांचा भरवसा नसे. त्यामुळे झालऱ्याच्या फेऱ्या काही सुटल्या नव्हत्या. भुआसा सांगतात, "बीनणी, आमच्या घरात देवघराच्या खालोखाल मान परींड्याचा." परींडा म्हणजे पाण्याचे घडे ठेवायचा ओटा. अंघोळ केल्याशिवाय तिथे हात लावायचा नाही, उष्टा पेला बुडवायचा नाही. प्यायचं पाणी वेगळ्या घड्यात, वापरायचं वेगळ्या. भांडी आधी कोरड्या राखेने घासायची आणि मग अगदी थोड्या पाण्यात विसळायची. अंघोळीला बसायचं ते परातीत, म्हणजे खाली साचलेलं पाणी कपड्यांना किंवा अंगणात शिंपायला कामी येई. तूप सांडलं तर काही जात नाही, पाणी सांडलं तर जीव जळतो, अशी म्हण त्या घरात रोज ऐकू यायची. आम्हा सुनांना मात्र ती आता फक्त लग्नातल्या गप्पांत ऐकायला मिळते.

स्वयंपाकातही तेच. केर, सांगरी, कुमटिया उन्हात वाळवून वर्षभर पुरवायच्या. गट्टे, मंगोडी, पापडाची भाजी, कढी. आठम-चौदसला हिरवी भाजी वर्ज्य म्हणून आपण हे पदार्थ करतो आणि त्याला व्रताचं जेवण म्हणतो. वाळवंटात हिरवी भाजी एरवीही कुठे रोज मिळत होती? तिथल्या रांधणाऱ्या बाईला व्रत आणि दुष्काळ एकाच डब्यातून भागवावे लागत. आपल्या डब्यातली मंगोडी कुठून आली, हे यावरून कळतं.

या सगळ्यात भुआसांनी सांगितलेली एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. पाणी गाळणं आपण सगळ्याजणी जाणतो. दुहेरी गळणं, त्याची लांबी-रुंदी, हे सगळं आईने शिकवलेलं असतं. गाळून झाल्यावर गळण्यावर राहिलेले सूक्ष्म जीव, म्हणजे जिवाणी, गाळलेल्याच पाण्याने हळूच धुऊन परत सोडायची. आणि सोडायची ती ज्या विहिरीचं पाणी आणलं त्याच विहिरीत. एका पाण्याचे जीव दुसऱ्या पाण्यात जगत नाहीत, म्हणून. भुआसांच्या आजी दोन ठिकाणचं पाणी कधी एका घड्यात मिसळू देत नसत. झालऱ्याचं गळणं वेगळं, बावडीचं वेगळं. मुलींनी जिवाणी चुकीच्या जागी टाकली, तर परत पाठवत. त्यामुळे आठ वर्षांच्या मुलीलाही कळायचं, की आज घरात कुठलं पाणी आहे, त्याची चव कशी आहे आणि त्या विहिरीच्या किती पायऱ्या उघड्या पडल्या आहेत. धर्माचा नियम पाळता पाळता त्या मुली शहराच्या पाण्याचा हिशेब शिकत होत्या.

आता इथे थांबून एक बाजू स्पष्ट सांगते. भुआसांचे धाकटे भाऊ, आमचे काकासा, जुन्या दिवसांबद्दल बोलू लागले की डोळे मिटून बोलतात. झालऱ्यात मारलेल्या उड्या, पायऱ्यांवरचा गारवा, संध्याकाळी घंटाघरापर्यंतचा फेरफटका, सगळे एकमेकांना ओळखायचे वगैरे. भुआसा त्यांना मध्येच तोडतात. "तू उड्या मारायचास, घडे आम्ही वाहायचो." डोक्यावर दोन, कमरेवर एक, आणि ओल्या पायऱ्या. बाळंतपणानंतर महिन्याभरात पुन्हा तीच पायरी. शिवाय सगळ्यांना सगळीकडे पाणी भरता येत होतं असंही नाही. कुणी कुठल्या घाटावर उतरायचं हे जातीवर ठरे, आणि काहींना तर लांब उभं राहून कुणीतरी ओतून देण्याची वाट पाहावी लागे. रम्य आठवणींत हा भाग गळून जातो. म्हणून आठवणी ऐकताना त्या कोण सांगतंय, पाण्यात पोहणारा की पाणी वाहणारी, हे पाहायलाच हवं.

शहर वाढलं ते पाणी लांबून आणता आलं म्हणून. विक्रम संवत 1956 चा, म्हणजे 1899-1900 चा छप्पनिया दुष्काळ मारवाडने पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवला. पुढच्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून महाराजा उम्मेदसिंह यांनी 1929 साली उम्मेद भवनाचं बांधकाम सुरू केलं, ते 1943 ला पुरं झालं. 1957 साली पाली जिल्ह्यातलं जवाई धरण पूर्ण झालं आणि त्याचं पाणी जोधपूरलाही मिळू लागलं. त्याच्या पुढच्याच वर्षी, 1958 मध्ये, सतलज-बियासचं पाणी पंजाबातल्या हरिके इथून वाळवंटात आणणाऱ्या कालव्याची पायाभरणी झाली. तोच आजचा इंदिरा गांधी कालवा. 1990 च्या दशकाच्या अखेरीस त्याची एक शाखा, टप्प्याटप्प्याने पंपांनी वर चढवत, दोनशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर कापून जोधपूरच्या कायलाना तळ्यापर्यंत पोचली. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या जनगणनेत दोन लाखही वस्ती नसलेलं हे शहर 2011 मध्ये 10 लाख 33 हजारांवर गेलं. नागोरी, मेडतिया, सोजती, जालोरी, सिवांची आणि चांदपोल या दरवाजांच्या आत मावणारं गाव पार चौपासनी आणि पालीच्या रस्त्यापर्यंत पसरलं. आमच्या घरातली तरुण मंडळीही परकोट्याबाहेर फ्लॅटमध्ये राहायला गेली.

नळ घरात आला, आणि पायऱ्यांवरून कुणी उतरेना. झालऱ्यांत कचरा पडू लागला, पाणी हिरवं-काळं झालं. मग एक अजब गोष्ट घडली. जुन्या शहरातल्या तळघरांत पाणी यायला लागलं! पाण्याचा तोटा पडेल असा शाप मिळालेल्या शहरात दुकानदार तळघरातलं पाणी पंपाने उपसून गटारात सोडू लागले. बाहेरून आलेलं भरपूर पाणी, गळक्या पाइपलाइन, तळ्यांतून झिरपणारं पाणी, आणि मुख्य म्हणजे विहिरी-बावड्यांतून रोज होणारा उपसा बंद झालेला, अशी कारणं अभ्यासक सांगतात. भुआसांना यात नवल वाटत नाही. "घडा रोज रिकामा केला नाही तर सांडणारच," त्या म्हणतात. गेल्या दहा-बारा वर्षांत तूरजीचा झालरा उपसून स्वच्छ केला गेला आणि त्याचा लाल दगड पुन्हा उजेडात आला. आता तिथे फोटो काढायला गर्दी असते. काकासा खूश आहेत. भुआसाही एकदा जाऊन आल्या, पण पायऱ्या उतरल्या नाहीत.

मग मी त्यांना विचारलं, "भुआसा, नळ आल्यावर तुम्ही जिवाणी कुठे सोडायला लागलात?" त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "पहिली काही वर्षं तरीही झालऱ्यावर नेऊन सोडत होते. मग सासऱ्यांनी समजावलं, की हे पाणी तिथलं नाही. तेव्हापासून मोरीतच सोडते, आणि रोज मिच्छामि दुक्कडं म्हणते. पाणी पंजाबचं आहे, बीनणी. तिथे कशी नेऊ?"

आपलंही तेच झालंय ना? नगरला माझ्या स्वयंपाकघरात जे पाणी येतं ते मुळा धरणाचं, हे मला ठाऊक आहे. पण धरणात आज किती पाणी आहे, हे मी बातमीत वाचेपर्यंत मला माहीत नसतं. गळणं आपण नळाला बांधतो, फिल्टर लावतो, पाळायचं ते पाळतो. नियमाचा अर्धा भाग आपल्याकडे शिल्लक आहे. पाणी जिथून घेतलं त्या जागेची जबाबदारी घेणारा दुसरा अर्धा मात्र नळाबरोबर आपल्या हातून गेला. डोक्यावरचा घडा पुन्हा कुणाला नको आहे, भुआसांना तर मुळीच नको. पण तो घडा वाहणाऱ्या बायकांना जे ठाऊक होतं ते त्यांच्याबरोबर संपून जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून मी एक वही केली आहे. नैणसींसारखा परगण्यांचा हिशेब काही आपल्याला जमणार नाही, पण आपल्या घरापुरता जमेल. भुआसांनी सांगितलेल्या विहिरी, बावड्या, झालरे, कुठलं पाणी गोड, कुठलं फक्त कपड्यांचं, कुठल्या महिन्यात कुठे गर्दी, कुणाला कुठे उतरू देत नसत, सगळं तारीख घालून लिहिते आहे. चातुर्मासात तुम्हीही घरातल्या सर्वांत वयस्क बाईजवळ बसा आणि चारच गोष्टी विचारा: तुम्ही लहान असताना पाणी कुठून आणायचात, कोण आणायचं, कुणाला मनाई होती, आणि जिवाणी कुठे सोडायचात? गाव मारवाडातलं असो, की नगर, बीड, लातूरचं. उत्तरं मला जरूर कळवा. आमच्या भुआसा वाट पाहताहेत, त्यांना बाकीच्यांच्या विहिरी ऐकायच्या आहेत.