खुंटीवर टांगलेली खुर्ची

खुर्ची बसण्यासाठी असते. पण अमेरिकेतील शेकर नावाच्या पंथाने ती टांगण्यासाठीही केली. खोलीच्या भिंतींवर डोक्याइतक्या उंचीची एक लाकडी पट्टी, तीत ठराविक अंतराने बसविलेल्या खुंट्या, आणि जमीन झाडावयाची वेळ आली की साऱ्या खुर्च्या त्या खुंट्यांवर उलट्या अडकविलेल्या. उलट्या अशासाठी की, धूळ बसलीच तर ती बैठकीच्या खालच्या अंगास बसावी. खुर्ची इतकी हलकी की कोणीही ती एका हाताने उचलावी. आज सजावटीच्या दुकानांतून 'शेकर शैली' म्हणून जे साधे, सरळ रेषांचे फर्निचर विकले जाते, त्याचा उगम कोणा कलावंताच्या कल्पनेपेक्षा या झाडलोटीत अधिक आहे, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

या पंथाची जननी अ‍ॅन ली ही मँचेस्टरमधील एका लोहाराची मुलगी. जन्म १७३६ चा. तिची चारही अपत्ये बालपणीच दगावली, आणि स्त्रीपुरुषसंबंध हेच पापाचे मूळ होय, या निष्कर्षाला ती येऊन पोहोचली. उपासनेच्या भरात तिच्या अनुयायांची अंगे थरथरत, म्हणून लोकांनी कुचेष्टेने त्यांना 'शेकर', म्हणजे थरथरणारे, म्हटले. पुढे तेच नाव त्यांनी अंगीकारले. १७७४ साली आठ अनुयायांसह ती न्यूयॉर्कला उतरली आणि ऑल्बनीजवळ नवी वसाहत झाली. स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत इंग्लंडहून आलेली, शिवाय शस्त्र न धरणारी ही माणसे संशयास पात्र ठरली. स्वतः अ‍ॅन लीला तुरुंगवास घडला. १७८४ साली ती वारली. पंथाला घडी बसविली ती जोसेफ मीचम आणि ल्यूसी राइट या दोघांनी, १७८७ पासून न्यू लेबनन येथे. ब्रह्मचर्य, पापाची कबुली, सामायिक मालमत्ता, आणि स्त्री व पुरुष यांना कारभारात सारखाच अधिकार, ही त्यांची चौकट. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मेनपासून केंटकीपर्यंत त्यांची सुमारे अठरा खेडी व काही हजार माणसे होती.

शेकरांचे फर्निचर समजून घ्यावयाचे तर ते एका कुटुंबासाठी नव्हते, ही गोष्ट प्रथम ध्यानी घ्यावी लागते. एकेका निवासगृहात शंभराच्या आसपास माणसे राहत. न्यू हॅम्पशरमधील एन्फील्ड येथे १८३७ ते १८४१ या काळात उभारलेल्या दगडी वास्तूत भिंतींतच बसविलेले ८६० खण आहेत! भिंतीत खण बसविला की वर धूळ साचायला माथा नाही आणि खाली झाडू न पोहोचणारी जागा नाही. १८४५ च्या नियमावलीत केवळ शोभेसाठी कोरीव पट्ट्या वा झालरी करण्यास मनाई आहे. खाटा हिरव्या रंगवाव्यात, असेही तीत सांगितले आहे. शिवाय, आपल्या हातचे काम पुढे ओळखू यावे म्हणून कोणीही वस्तूवर आपले नाव घालू नये, अशी आज्ञा आहे. नाव नको, पण वस्तू कोणत्या खोलीतली हे कळले पाहिजे; म्हणून काही खुर्च्यांवर खोलीचा क्रमांक मात्र असे. सरकारी निवासस्थानांत पांढऱ्या रंगाने क्रमांक घातलेल्या खुर्च्यांवर बसून ज्यांनी आयुष्याची वर्षे काढली आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही.

त्यांच्या कारागिरीचा अस्सल नमुना मला त्यांच्या लंबवर्तुळाकृती डब्यांत दिसतो. मेपलच्या लाकडाची पातळ पट्टी वाफेने वा गरम पाण्याने मऊ करून साच्याभोवती वाकवीत. तळ आणि झाकण पाइनचे. जेथे पट्टीचे एक टोक दुसऱ्यावर येते तेथे त्या टोकास बोटांसारखे आकार कापीत आणि बारीक तांब्याच्या चुका ठोकीत. ही बोटे पाहणाऱ्यास नक्षीच वाटते. ती नक्षी नव्हे. हवेप्रमाणे लाकूड फुगते, आकसते. टोक सलग ठेवले तर ते उलते, तडकते. बोटे कापली की त्या ताणाला वाट मिळते. तांबे अशासाठी की, लोखंड गंजून लाकडाला डाग पाडते.

खुर्चीचीही अशीच गंमत. मागच्या दोन पायांवर रेलून बसण्याची खोड बहुतेकांना असते, आणि तीमुळे जमिनीला वण पडतात, पाय झिजतात. शेकरांनी मागच्या पायांच्या टोकांत फिरणारे गोळे बसविले. खुर्ची कललेली असली तरी गोळ्याचा सपाट तळ जमिनीवरच राहतो. न्यू लेबननच्या जॉर्ज ओडॉनेल याने १८५२ साली या कल्पनेचा धातूतला प्रकार सरकारदरबारी नोंदवून घेतला. ज्यांनी विवाह वर्ज्य केला, खाजगी मालमत्ता वर्ज्य केली, त्यांनी रेलून बसणे तेवढे वर्ज्य केले नाही, याचे मला कौतुक वाटते.

जगाशी व्यवहारही त्यांनी सोडला नव्हता. कागदी पाकिटांतून बियाणे विकणे, केरसुण्या करणे हे त्यांचे जुने धंदे. १८७० नंतर रॉबर्ट वॅगन याच्या देखरेखीखाली खुर्च्यांचा मोठा कारखाना चालला. शून्यापासून सातपर्यंत आकार ठरलेले, छापील यादीपत्रके निघालेली. १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात या खुर्च्या मांडल्या गेल्या. नकला होऊ लागल्या तेव्हा अस्सल मालावर सोनेरी शिक्का आला. व्यक्तीचे नाव ज्यांनी निषिद्ध मानले, त्यांना अखेर पंथाचे नाव वस्तूवर घालावे लागले ते असे.

आणि तरी त्या काळी हे सारे कोणाला सुंदर वाटत नव्हते. चार्ल्स डिकन्स १८४२ साली न्यू लेबननला गेला तेव्हा त्याला तेथील ताठ खुर्च्या, खुंट्या व माणसे एकजात उदास भासली. सौंदर्य दिसू लागले ते वस्ती ओसरल्यावर. यादवी युद्धानंतर यंत्रांच्या स्वस्त मालापुढे त्यांचे धंदे टिकेनात. पंथात मुले जन्मत नसत, आणि आश्रयाला आलेली अनाथ मुले मोठी होऊन निघून जात. १९२० नंतर एडवर्ड व फेथ अँड्रूज या दांपत्याने त्यांच्या वस्तू गोळा करण्यास आरंभ केला. १९३५ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्यांचे प्रदर्शन भरले, १९३७ साली अँड्रूज दांपत्याचा ग्रंथ निघाला. न्यू लेबननची वसाहत १९४७ साली बंद झाली. त्याच वर्षी डेन्मार्कमध्ये बॉर्गे मोगेन्सनने शेकर खुर्चीवरून आपली प्रसिद्ध खुर्ची आखली.

आधुनिक शैलीचे पूर्वज म्हणून शेकरांचा गौरव करणारे लोक पुष्कळ आहेत. मला तो गौरव अपुरा वाटतो. साधेपणा ही त्यांची अभिरुची नव्हती, ती आज्ञा होती. आणि त्या आज्ञेत रंगांना बंदी नव्हती. मूळच्या कितीतरी वस्तू गडद पिवळ्या, तांबड्या, निळ्या, हिरव्या होत्या. पुढे संग्राहकांनी आपल्या आवडीप्रमाणे तो रंग खरवडून काढला आणि उघड्या लाकडालाच 'अस्सल शेकर' म्हटले. आता जाणकार उलट, रंगाचा मूळ थर शाबूत असेल तर अधिक पैसे मोजतात.

मेनमधील सॅबथडे लेक येथील वस्ती मात्र मोडली नाही. २०१७ च्या आरंभी भगिनी फ्रान्सिस कार वारल्या तेव्हा तेथे एक बंधू व एक भगिनी असे दोघेच उरले होते. वनौषधी वाळवून डब्यांत भरण्याचा तेथील धंदा त्यानंतरही चालू राहिला.