बीगलला चाललं, कोलीला नाही

आजचा विषय, कुत्र्यांचं जंताचं औषध. हसू नका, गोष्ट भारी आहे.

१९७० च्या दशकात सातोशी ओमुरा यांनी जपानमधल्या इतो शहराजवळच्या मातीतून एक जिवाणू वेगळा केला. तो अमेरिकेत मर्क कंपनीत विल्यम कॅम्पबेल यांच्याकडे पोचला आणि त्यातून आयव्हरमेक्टिन तयार झालं. १९८१ मध्ये ते जनावरांसाठी बाजारात आलं. पुढे २०१५ च्या नोबेलमध्ये दोघांनाही वाटा मिळाला.

आता कुत्र्यांकडे येऊ. प्रयोगशाळेतला ठरलेला कुत्रा म्हणजे बीगल. लहानखुरा, शांत. त्याला वजनाच्या किलोमागे २००० मायक्रोग्रॅम आयव्हरमेक्टिन दिलं तरी तो ठणठणीत. मग काय, औषध सुरक्षितच! पण काही कोली कुत्र्यांना १०० ते २०० मायक्रोग्रॅममध्येच लाळ गळायला लागली, तोल जायला लागला, काही कोमात गेले, काही मेले. औषध तेच, प्राणीही कुत्राच. आमच्याकडे सगळा टेस्ट डेटा एकाच छापाचा असला की हेच होतं, फक्त तिथे कुणाचा जीव जात नाही.

म्हणून १९८७ मध्ये अमेरिकेत हृदयातल्या जंतांपासून बचावाची मासिक गोळी आली, तेव्हा डोस किलोला फक्त ६ मायक्रोग्रॅम होता. त्या जंताच्या पिल्लांना तेवढाही पुरतो आणि कोलीही वाचतो. पण कोलीचं नेमकं बिनसतं कुठे, हे अजून कोडंच होतं.

धागा मिळाला उंदरांकडून, तोही अपघाताने. १९९४ मध्ये नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञांनी एक जनुक बंद केलेले उंदीर तयार केले होते. त्यांना गोचिडीसारखे बारीक किडे झाले म्हणून आयव्हरमेक्टिन फवारलं, तर उंदीर पटापट मेले! ते जनुक पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप बनवतं. मेंदूत शिरू पाहणारं औषध हा पंप परत रक्तात ढकलतो. पंप नाही, तर दार सताड उघडं.

२००१ मध्ये वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या कॅटरीना मीली आणि सहकाऱ्यांना कोलीतही हेच सापडलं. त्याच जनुकातली चार अक्षरं गळालेली. चारच! पण जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचलं जातं, त्यामुळे पुढचं सगळं वाचनच घसरतं आणि पंप अर्धवट राहतो. ऑस्ट्रेलियन शेफर्डमध्येही हा बिघाड बऱ्याच प्रमाणात दिसतो.

आता या गटातलं नवं औषध आलं की पिल्लांना नेमून दिलेल्या डोसच्या तिप्पट, पाचपट देऊन बघतात. शिवाय हा बिघाड असलेल्या कोलींवर वेगळी चाचणी होते. आणि घरच्या कुत्र्याचं जनुक तपासायला गालाच्या आतून फिरवलेला एक बोळा पुरतो.