बोलण्याची लय आणि अभिनय

ताल असतो तो गाण्याला. बोलणे आपले कसेही चालावे, असा आपला सर्वसाधारण समज आहे. आम्हांस मात्र वाटते की, बोलण्याची गती बदलली तेव्हा तेव्हा आपला अभिनय बदलला, आणि गाणेही बदलले.

१८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आले. त्या काळी ध्वनिवर्धक नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायचा तर नटाला तो खड्या आवाजात, सावकाश, अक्षर अन् अक्षर सुटे करून उच्चारावा लागे. पद सुरू झाले की कथानक थांबे. ‘वन्समोअर’ मिळाला की आणखी थांबे. या संथपणाला नाटकीपणा म्हणून हसणे सोपे आहे. परंतु तो नाट्यगृहाची गरज म्हणून आला होता, हे ध्यानात घ्यावे.

पुढे यंत्रे आली. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांचेच गाणे मावे. गायकाला विस्तार आवरावा लागला. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट आला आणि मराठी नटासमोर ध्वनिग्राहक उभा राहिला. त्याला हळू बोललेलेही ऐकू येई. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाने घरात बोलावे तसे बोलणे रंगमंचावर आणले. त्यातील मोजक्या पदांना चाली दिल्या केशवराव भोळे यांनी.

याच भोळ्यांचे संगीत लाभलेला १९३६ चा ‘संत तुकाराम’ पाहावा. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा थांबत थांबत बोलतात. बोलता बोलता अभंग सुरू होतो आणि बोलणे कोठे संपले ते कळत नाही. गौरी यांनी उभी केलेली तुकोबांची बायको मात्र तडातडा बोलते. घरात दाणा नाही, पोरे भुकेली. तिला उसंत कोठली? त्या दोघांचा अवघा संसार त्यांच्या बोलण्याच्या वेगातील अंतरात सामावला आहे.

आज मोबाइलवर चित्रपट दीडपट वेगाने पाहण्याची सोय आहे. वेळ वाचतो, हे खरे. पण त्या वेगात तुकोबांची उसंत नाहीशी होते. आणि ती गेली की, बायकोचा त्रागा कशावर होता, हेही आपणांस कळेनासे होते.