चार सामन्यांचा गोलंदाज

मार्च १९९५ मध्ये आपण दहावीचे पेपर देऊन मोकळे झालो आणि एप्रिलमध्ये शारजात आशिया चषक सुरू झाला. बांगलादेशाविरुद्धच्या सामन्यात भारताकडून प्रशांत वैद्य नावाचा नवा वेगवान गोलंदाज उतरला. तो नागपूरचा आहे हे कळल्यावर आपल्या मैदानावर दुसरा विषयच राहिला नाही. भारताकडून खेळणारी मुले मुंबई-दिल्लीची असतात, अशी आपली पक्की समजूत होती. हा तर शेजारच्या गावचा निघाला!

वैद्य यांचा जन्म १९६७ चा, म्हणजे पदार्पणाच्या वेळी वय २७. विदर्भ आणि बंगाल या दोन्ही संघांकडून ते रणजी खेळले. विदर्भाचा संघ तेव्हा दुबळ्यांत गणला जाई. भारतीय संघात श्रीनाथ, प्रभाकर, वेंकटेश प्रसाद असताना जागा मिळणे कठीण, टिकवणे त्याहून कठीण. १९९६ पर्यंत त्यांच्या वाट्याला चार एकदिवसीय सामने आले. कसोटी एकही नाही. आपण अकरावी-बारावीच्या धांदलीत असतानाच ही कारकीर्द संपलीसुद्धा, आणि आपणही ते नाव विसरलो.

पण पुढचा भाग सांगायलाच हवा. निवृत्तीनंतर वैद्य विदर्भ क्रिकेट संघटनेच्या कामात आले आणि नव्या खेळाडूंच्या जडणघडणीत त्यांनी लक्ष घातले. २०११ मध्ये खाणकामगाराचा मुलगा उमेश यादव कसोटी खेळला. १ जानेवारी २०१८ रोजी, प्रशिक्षक चंद्रकांत पंडित आणि कर्णधार फैज फजल यांच्या विदर्भाने इंदूरला दिल्लीला नमवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. १९५७-५८ पासून विदर्भ ही स्पर्धा खेळत होता. अंतिम सामन्यात हॅटट्रिक घेणारा रजनीश गुरबानी हाही विदर्भाचाच वेगवान गोलंदाज.

त्या दिवशी आपल्या ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला. वैद्यांचे नाव कोणीच काढले नाही, मीही नाही. त्याची चुटपुट लागली म्हणून हे टिपण.

आपल्या शाळेच्या संघातूनही कोणी जिल्ह्याच्या पुढे गेले नाही. तरी भर उन्हात मॅटिंग ताणून खिळे ठोकणारे आपले क्रीडाशिक्षक आठवा. सर, संमेलनाच्या सामन्यात पहिला चेंडू तुमच्याच हातून पडावा, एवढी विनंती.