दंडघेर साडेअकरा

साल 1992, ऐन पावसाळा. ठाण्याहून सुटलेली एसटी भिवंडी, वाडा करत जव्हारला टेकेपर्यंत तुमचं अंग आंबून जातं. पुढे वावर-वांगणीकडे चिखल तुडवत चालायचं. हा सगळा अजून ठाणे जिल्हाच. पालघर वेगळा व्हायला 2014 उजाडेल.

वाटेतल्या पाड्यावर अंगणवाडीच्या आढ्याला काटा टांगलाय, खाली झोळी. आतलं मूल हातपाय झाडतं, काटा नाचत राहतो. तो ठरला की ताई वजन वहीत लिहितात, मग तक्त्यावर ठिपका: श्रेणी 4, म्हणजे सर्वांत तीव्र कुपोषण. वही चाळा. दोन दिवस जगलेलं बाळ 'उपजत मृत्यू' म्हणून लिहिलं, की बालमृत्यूंतून ते वजा! त्या काळात वावर-वांगणीत शंभराहून जास्त मुलं गेली, तेव्हा कुठे मुंबईहून गाड्या आल्या. 2001 मध्ये डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी 'कोवळी पानगळ' अहवाल मांडला. घरोघरी जाऊन मोजल्यावर बालमृत्यू सरकारी आकड्यांच्या कितीतरी पुढे निघाले.

मोजायची एक सोपी रीत बघायला आता जरा मागे, नायजेरियात. बियाफ्राचं युद्ध चालू आहे, अन्नाची रांग संपत नाही. क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे कार्यकर्ते मुलाच्या दंडाचा घेर मोजतात आणि त्याला आकडे लिहिलेल्या काठीशी उभं करतात. घेराच्या मानाने उंची जास्त भरली, की मूल कुपोषित. जन्मतारीख विचारायचीच नाही. इतकं सोपं गणित कुठल्याही कचेरीत सुचलं नसतं.

2023, दिवाळी उलटलीय. कल्याणजवळची वीटभट्टी. जव्हार-मोखाड्याची कुटुंबं इथे उतरलीत. गावच्या वहीत त्यांची मुलं नुसती 'गैरहजर'. त्यांचा माग राहावा म्हणून राज्याने 'एमटीएस' ही स्थलांतराची नोंदप्रणाली आणली. आधी चाचणी झाली त्या जिल्ह्यांत पालघरही होता. दंडघेर मोजायची पट्टी तुमच्या हातात आहे. पोराच्या दंडाला गुंडाळा, आवळू नका. 11.4 सेंटिमीटर. साडेअकराच्या खाली म्हणजे लाल, म्हणजे 'सॅम', अतितीव्र कुपोषण.

"गावच्या अंगणवाडीत नाव आहे का गं याचं?" ताई विचारतात. आई मान डोलावते. मोबाइलवर गाव सापडतं, नाव जुळतं. आहार आता इथेच सुरू करता येईल.

"अजून किती पोरं आहेत?"

"चारच," मुकादम म्हणतो.

ताई दोरीवर वाळणारी झबली बघतात आणि विटांच्या थप्प्यांमागे निघतात. चला, पट्टी घ्या.